आवाज बसतो तेव्हा नेमके काय थकते?

हरिनाम सप्ताहाचे पहिले दोन दिवस गावात सगळ्यांचाच आवाज छान लागलेला असतो. पहाटेचा काकडा, दिवसा ज्ञानेश्वरीचे पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि त्यानंतर जागर, असा क्रम सुरू होतो. चौथा-पाचवा दिवस उजाडला की कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या अनेक मंडपांत एकच चित्र दिसते. चाल उचलून धरणारे दोघे-तिघे मागे सरकलेले असतात, कुणी खाणाखुणांनी बोलत असतो, कुणी ज्येष्ठमधाची कांडी चघळत असतो. काल्याच्या कीर्तनापर्यंत आवाज टिकवायचा कसा, ही चिंता सगळ्यांना असते आणि जुनेजाणते एकच सल्ला देतात: दम वाढव.

हा सल्ला अर्धा खरा आहे. गाणाऱ्याचा आवाज दोन ठिकाणी थकू शकतो. एक ठिकाण छाती आणि पोट, जिथून हवा येते. दुसरे ठिकाण गळा, जिथे त्या हवेचा आवाज होतो. दोन्हींची दुखणी वेगळी आणि उपायही वेगळे. छातीचा व्यायाम करून गळ्याची सूज उतरत नाही आणि गळ्याला कितीही विश्रांती दिली तरी दुबळ्या श्वासाला बळ येत नाही. कीर्तनकार, भजनी, आगरी लग्नांत तासन्‌तास धवले गाणारी धवलारीण, वर्गात दिवसभर बोलणारे शिक्षक, या सगळ्यांनी हा फरक ओळखायला शिकले पाहिजे. आवाज वाचवण्याची सुरुवात तिथून होते.

हवा किती लागते, दाब किती लागतो

आपल्या स्वरयंत्रात दोन स्वरतंतू असतात. त्यांचा कंप पावणारा भाग प्रौढ पुरुषात साधारण दीड सेंटिमीटर आणि स्त्रीत एक सेंटिमीटरच्या आसपास भरतो. हे तंतू गाताना पहिल्यांदा नीट पाहिले ते डॉक्टरने नव्हे, एका गायनगुरूने. मॅन्युएल गार्सिया यांनी १८५४ मध्ये दंतवैद्याच्या लहान आरशाच्या साहाय्याने स्वतःच्याच घशात डोकावून पाहिले आणि पुढच्या वर्षी आपली निरीक्षणे लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडली.

स्वरतंतू एकमेकांजवळ येतात, खालून येणारी हवा त्यांना दूर लोटते, ते पुन्हा मिटतात. ही उघडझाप इतक्या वेगाने होते की आपल्याला सलग सूर ऐकू येतो. बोलताना पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला साधारण १०० ते १३० वेळा आणि स्त्रीचे २०० वेळांच्या आसपास कंप पावतात.

तंतूंना हलवण्यासाठी हवेचा किती दाब लागतो? पाण्याच्या ग्लासात एक स्ट्रॉ सात सेंटिमीटर खोल बुडवा आणि हळूच फुंकून बुडबुडे काढा. त्यासाठी लागतो तेवढाच दाब साध्या बोलण्याला पुरतो. शास्त्रीय भाषेत तो पाण्याच्या ५ ते १० सेंटिमीटर उंचीइतका असतो. मोठ्याने गाताना तो २० ते ४० पर्यंत जातो, तयारीचे गायक क्वचित त्याच्याही वर जातात. निरोगी प्रौढ माणूस पूर्ण जोर लावून फुंकतो तेव्हा १०० च्या आसपासचा किंवा त्याहून जास्त दाब निर्माण करू शकतो.

याचा अर्थ असा की धडधाकट माणसाच्या छातीत बोलण्याला लागणाऱ्या ताकदीच्या दसपट ताकद आधीच असते. मग दम कमी का पडतो? कारण गाण्यात प्रश्न जोराचा कमी आणि जोर आवरण्याचा जास्त असतो.

घाट चढताना आणि उतरताना

कर्जतच्या माणसाला हे समजावणे सोपे आहे. कर्जतहून लोणावळ्याकडे निघणाऱ्या गाड्यांना बोरघाट चढण्यासाठी जादा इंजिने जोडतात, कारण पुढे ३७ फुटांमागे एक फूट असा चढ आहे. तीच गाडी लोणावळ्याहून खाली येते तेव्हा तिला ढकलावे लागत नाही. उतार तिला आपोआप ओढतो आणि सगळे कौशल्य ब्रेकमध्ये असते.

एका लांब आलापात हे दोन्ही प्रवास होतात. पूर्ण श्वास भरला की ताणलेली फुफ्फुसे आणि फुगलेली छाती मूळ आकाराकडे परतू पाहतात. फक्त या परतीच्या ओढीने तयार होणारा दाब हळुवार सुराला लागणाऱ्या दाबाच्या कितीतरी वर असतो. तो तसाच सोडला तर सुराची सुरुवात धसमुसळी होते, हवा भसकन निघून जाते आणि दोन ओळींतच माणूस रिकामा होतो. म्हणून आलापाच्या पहिल्या टप्प्यात श्वास घेणारे स्नायू, म्हणजे पोट आणि छाती यांच्या मधला पडदा आणि फासळ्यांमधले बाहेरचे स्नायू, काम थांबवत नाहीत. ते ब्रेकसारखे हवा आवरून धरतात. हवा निम्म्यावर आली की ओढ संपते. तिथून पुढे चढ सुरू होतो आणि आता पोटाचे व फासळ्यांचे आतले स्नायू मागून ढकलू लागतात.

उस्ताद आणि बुवा ज्याला दमसास म्हणतात, तो ब्रेक आणि ढकलणे यांच्या या बेमालूम अदलाबदलीत आहे. फुफ्फुसांचे आकारमान त्यात दुय्यम ठरते. पुरुष एका खोल श्वासात चार-पाच लिटर हवा आत-बाहेर करू शकतो, स्त्री तीन-साडेतीन लिटर. तरीही लांब तानेत पुरुषांना मागे टाकणाऱ्या गायिका महाराष्ट्राने पाहिल्या आहेत. त्यांनी हवा जास्त भरली नव्हती, ती जपून खर्चली होती.

तीन गायक, तीन वेगळी संकटे

आपल्याच संगीताच्या इतिहासात याचे पुरावे आहेत.

जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक उस्ताद अल्लादिया खाँ (१८५५–१९४६) पुढे शाहू महाराजांच्या कोल्हापुरात दरबारगायक झाले. त्याआधी अमलेटा संस्थानात त्यांच्यावर दिवसेंदिवस, विश्रांतीविना गाण्याची वेळ आली आणि त्यांचा आवाज गेला. श्वास शाबूत होता, तालीम पक्की होती. घायाळ झाला होता तो गळा. आवाज परतला, पण पहिल्यासारखा राहिला नाही, असे सांगतात. त्यांनी त्या आवाजाला झेपेल आणि शोभेल अशी गायकी उभी केली: लयीशी घट्ट बांधलेली, पेचदार तानांची, लांब दमसासाची. गळ्याने साथ कमी केली तेव्हा श्वास आणि बुद्धी पुढे झाली.

पंडित कुमार गंधर्वांचे संकट नेमके उलटे होते. बेळगावजवळच्या सुळेभावी गावी १९२४ मध्ये जन्मलेला हा मुलगा मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडे शिकून विशीच्या आतच नावारूपाला आला. मग क्षयाने गाठले. १९४८ मध्ये ते हवापालटासाठी देवासला गेले आणि पुढची काही वर्षे त्यांना गाण्याची मनाई होती. स्ट्रेप्टोमायसीनमुळे ते वाचले, पण एक फुफ्फुस निकामी झाले होते. १९५३ मध्ये ते मैफलीत परतले आणि पुढे जवळजवळ चार दशके गायले. त्यांच्या गाण्यातल्या छोट्या, विजेसारख्या चमकणाऱ्या तुकड्यांचे श्रेय काही जण त्या एका फुफ्फुसाला देतात, तर काही जण त्यांच्या सौंदर्यदृष्टीला. निर्विवाद गोष्ट एवढीच की हवा कमी असूनही सूर पातळ झाला नाही. गळा निरोगी होता आणि उपलब्ध श्वासाचा हिशेब अचूक होता.

तिसरे उदाहरण किशोरी आमोणकरांचे. पंचविशीच्या सुमारास त्यांचा आवाज गेला आणि सुमारे दोन वर्षे गाणे थांबले. पुण्याच्या सरदेशमुख महाराजांच्या आयुर्वेदिक उपचारांनंतर तो परत आला. त्यांच्या कथेतून घेण्यासारखी गोष्ट म्हणजे थांबण्याचे धैर्य. बसलेल्या आवाजावर जोर करून त्यांनी तो ओढून काढला नाही.

कुमारांचे गुरू देवधर यांनी ‘आवाज साधना शास्त्र’ नावाचे पुस्तक लिहिले. त्यांचे शिष्य आणि संगीताचे अभ्यासक डॉ. अशोक दा. रानडे यांनी आवाज-जोपासना हा विषय पुढे नेला आणि गायकांइतकाच नट आणि वक्त्यांसाठीही मांडला. मराठीत या शास्त्राची परंपरा आहे. ती मैफलींपुरती न राहता देवळातल्या भजनापर्यंत पोहोचायला हवी.

घरी करून पाहण्याची एक चाचणी

श्वास थकला की गळा, हे ओळखण्यासाठी वाचा-उपचारतज्ज्ञ एक साधी चाचणी वापरतात. ती कुणालाही घड्याळ समोर ठेवून करता येते.

खोल श्वास घ्या आणि ‘स्‌स्‌स्‌’ असा आवाज जमेल तितका वेळ, एकसारखा काढा. यात स्वरतंतू हलत नाहीत, फक्त हवा वापरली जाते. थोडे थांबा. पुन्हा तेवढाच श्वास घ्या आणि ‘ज़्‌ज़्‌ज़्‌’ असा, ‘जहाज’मधल्या शेवटच्या ‘ज’ला ताणल्यासारखा, गुणगुणता आवाज काढा. यात हवा तितकीच लागते, पण स्वरतंतूही कंप पावतात. दोन्ही दोन-तीनदा करून सर्वांत मोठी वेळ घ्या.

दोन्ही वेळा जवळपास सारख्या आणि १५-२० सेकंदांच्या पुढे आल्या तर बहुधा काळजीचे कारण नाही. दोन्ही सारख्याच तोकड्या, म्हणजे दहा सेकंदांच्या आतबाहेर असतील, तर संशय श्वासावर जातो. पण ‘स्‌’ वीस सेकंद टिकतो आणि ‘ज़्‌’ मात्र बारा-तेरा सेकंदांतच संपतो, असे असेल तर हवा पुरेशी आहे, ती गळ्यातून गळते आहे. स्वरतंतूंवर सूज किंवा गाठ असली की ते नीट मिटत नाहीत आणि फटीतून हवा वाया जाते. पहिली वेळ दुसरीच्या १.४ पटीहून जास्त आली तर घसा तपासून घ्यावा, असा संकेत आहे. ही चाचणी निदान करत नाही, फक्त कुठे पाहायचे ते सांगते. पण ‘दम वाढव’ म्हणण्याआधी एवढे तरी पाहावे.

श्वासाला बळ कधी द्यावे

श्वासाचे स्नायूही दंडाच्या स्नायूंसारखेच भार दिला की मजबूत होतात. त्यासाठी एक छोटे उपकरण मिळते. त्याच्या नळीत ठरावीक दाबाने फुंकल्याशिवाय आतली झडप उघडत नाही. अमेरिकेतल्या फ्लोरिडा विद्यापीठात क्रिस्टीन सॅपिएन्झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पद्धतीवर पुष्कळ काम केले. नेहमीचा क्रम पाच-पाच फुंकरांचे पाच फेरे, आठवड्यातून पाच दिवस, पाच आठवडे, असा असतो. कोविडच्या दिवसांत घराघरांत आलेले तीन चेंडूंचे उपकरण वेगळे. ते खोल श्वास घ्यायची सवय लावते, स्नायूंवर फारसा भार टाकत नाही.

ज्यांचा श्वास खरोखर दुबळा आहे त्यांना अशा व्यायामाचा उपयोग होतो: कंपवाताचे रुग्ण, मणक्याला इजा झालेले, वयाने थकलेले लोक. चुलीच्या धुरात किंवा वीटभट्टी आणि कोळसाभट्टीवर वर्षे काढलेल्या माणसाच्या श्वासनलिकाच अरुंद झालेल्या असू शकतात. त्याने व्यायामाआधी छातीची तपासणी आणि औषधोपचार घ्यायला हवेत. रक्तदाब, हर्निया, काचबिंदू किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असेल तर जोराने फुंकण्याचा कोणताही व्यायाम डॉक्टरांना विचारूनच करावा. कंपवाताच्या रुग्णांचा आवाज क्षीण होत जातो. त्यांच्यासाठी ‘मोठ्याने बोला’ या एकाच सूत्रावर बेतलेली, आठवड्याला चार याप्रमाणे चार आठवड्यांत सोळा बैठकांची उपचारपद्धती १९८० च्या दशकात अमेरिकेत तयार झाली आणि आज जगभर वापरली जाते.

पण गळा दुखावलेल्यांचे काय? २००३ मध्ये अमेरिकेत नेल्सन रॉय आणि सहकाऱ्यांनी आवाजाचा त्रास असलेल्या ६४ शिक्षकांचे तीन गट केले. एका गटाला श्वासाच्या स्नायूंचा व्यायाम दिला. दुसऱ्याला सूर चेहऱ्याच्या पुढच्या भागात, ओठ-नाकाच्या आसपास गुंजवण्याचे तंत्र शिकवले. तिसऱ्याला फक्त कमरेला बांधायचा छोटा माइक-स्पीकर दिला. सहा आठवड्यांनंतर गुंजन शिकलेल्या आणि माइक वापरणाऱ्या शिक्षकांचा त्रास लक्षणीय कमी झाला. श्वासाचा व्यायाम करणाऱ्या गटात तसे दिसले नाही.

निष्कर्ष सरळ आहे. दुखावलेल्या गळ्यामागे जास्त ताकद उभी केली तर तो बरा होत नाही. २००७ च्या एका अभ्यासात, आवाजावर पोट असलेल्या रुग्णांना श्वासाचा व्यायाम आणि आवाजाचे उपचार यांची जोड दिली, तेव्हा मात्र आवाजाचा पल्ला वाढला. श्वासाचे बळ कामी येते, पण गळ्याने ते वापरायचे कसे हे शिकल्यावरच.

मंडपात गळा कशाने झिजतो

पहिले कारण पट्टी. भजनात उंच पट्टीला मान असतो. काळी एकमध्ये गाणारा पुरुष तार षड्ज लावतो तेव्हा त्याचे स्वरतंतू सेकंदाला सुमारे २७७ वेळा एकमेकांवर आपटतात. तोच काळी चारमध्ये गायला तर ४१५ वेळा. एका मिनिटाचा हिशेब केला तर साडेसोळा हजार आघातांच्या जागी जवळपास पंचवीस हजार. शिवाय उंच सुरासाठी तंतू जास्त ताणावे लागतात आणि दाबही वाढवावा लागतो. ज्याचा गळा मुळात उंच आहे त्याला काळी चार सहज लागते. बाकीच्यांनी ती प्रतिष्ठेसाठी धरली की पाचव्या दिवशी गळा त्याची किंमत वसूल करतो.

दुसरे कारण गोंगाट. फ्रेंच डॉक्टर एतिएन लोंबार यांनी १९११ मध्ये दाखवून दिले की भोवती आवाज वाढला की माणूस नकळत स्वतःचा आवाज चढवतो. वीस-पंचवीस टाळ आणि मृदंग यांच्यात उभ्या असलेल्या माणसाला स्वतःचा सूर ऐकू येत नाही, म्हणून तो ओरडतो. कर्णे लोकांकडे तोंड करून असतात. गाणाऱ्याकडे तोंड केलेला एक छोटा स्पीकर असेल तर त्याला ओरडावेच लागणार नाही.

तिसरे कारण कोरडेपणा आणि जागरण. रात्री कीर्तन, मध्यरात्री जागर आणि पहाटे काकडा यांच्या मधे गळ्याला विश्रांतीच मिळत नाही. अंगात पाणी कमी असले की स्वरतंतूंवरचा ओलावा घटतो आणि तोच सूर लावायला जास्त दाब द्यावा लागतो. ज्येष्ठमध, खडीसाखर, लवंग यांनी घशाला बरे वाटते, पण गिळलेला पदार्थ अन्ननलिकेत जातो, स्वरतंतूंना लागत नाही. तिथपर्यंत थेट पोहोचते ती फक्त श्वासातली वाफ. पाण्याचा परिणाम रक्तावाटे, सावकाश होतो, म्हणून ते दिवसभर थोडे थोडे प्यावे. रात्री उशिरा तिखट जेवून लगेच आडवे झाले तर पोटातले आम्ल वर येते आणि सकाळी आवाज जड होतो.

चौथे कारण बसलेल्या घशावर केलेले चुकीचे उपाय. सतत खाकरणे म्हणजे सुजलेले तंतू पुन्हा पुन्हा आपटणे. जोर लावून कुजबुजण्यानेही गळ्यावर ताण येतो. त्यापेक्षा दोन दिवस कमी आणि हळू बोलणे चांगले.

गाण्याआधी पाच मिनिटे करण्यासारखा एक सुरक्षित व्यायाम आहे. स्ट्रॉचे टोक पाण्यात दोन-तीन सेंटिमीटर बुडवून ‘ऊ’ असा मंद सूर धरत बुडबुडे काढायचे आणि सूर हळूहळू वर-खाली न्यायचा. पाण्याचा प्रतिदाब वरून मिळत असल्याने स्वरतंतू एकमेकांवर जोरात आपटत नाहीत आणि श्वास एकसारखा सोडावा लागतो. इंगो टिट्झे या आवाज-शास्त्रज्ञांनी स्ट्रॉने गाण्यामागचे भौतिकशास्त्र मांडले. पहाटेची खर्जसाधना आणि ओठ मिटून केलेले गुंजनही याच जातीचे आहे: आवाज खालचा, जोर कमी, श्वास लांब.

तपासणी कधी, कुठे

सर्दी-खोकल्याने किंवा गाण्याने बसलेला आवाज साधारण दोन आठवड्यांत सुटायला हवा. तीन-चार आठवडे घोगरेपणा राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीने स्वरतंतू पाहून घ्यावेत. तंबाखू, मिश्री, विडी यांची सवय असेल, गिळताना त्रास होत असेल, थुंकीत रक्त येत असेल, वजन घटत असेल किंवा मानेत गाठ लागत असेल तर वाट पाहूच नये. घशाचा कर्करोग लवकर सापडला तर बरा होण्याची शक्यता पुष्कळ असते. थायरॉइडच्या शस्त्रक्रियेनंतर आवाज बदलला तरी लगेच सांगावे.

तज्ज्ञाची चिठ्ठी कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयातून घेता येईल. मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस कर्जतहून लोकलने १०० किलोमीटरवर आहे. वाटेत सायनचे आणि परळला केईएम ही महापालिकेची मोठी रुग्णालये आहेत. मुंबई सेंट्रलच्या नायर रुग्णालयाशी जोडलेल्या महाविद्यालयात १९६० च्या दशकापासून वाचा-उपचारतज्ज्ञ घडतात. वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. आवाजाच्या ताणाने स्वरतंतूंवर आलेल्या गाठी सुरुवातीच्या असतील तर अनेकदा शस्त्रक्रिया टळते आणि काही आठवड्यांच्या आवाजोपचाराने त्या विरघळतात.

सप्ताहाची बैठक भरते तेव्हा मंडप, पंगत, कीर्तनकारांच्या तारखा, सगळ्यांवर चर्चा होते. त्यात आवाजाचेही चार निर्णय घ्यावेत. काकड्याला आणि जागराला वेगवेगळे गाणारे ठेवावेत. पट्टी बहुसंख्यांच्या गळ्याला झेपेल अशी धरावी. गाणाऱ्यांकडे तोंड केलेला एक स्पीकर आणावा. ज्याचा घसा बसला आहे त्याला त्या दिवशी टाळ द्यावा, चाल देऊ नये. शाळांनीही मोठ्या वर्गांच्या शिक्षकांना छोटा माइक द्यावा, ती चैन नाही. यातल्या कशालाच फार पैसा लागत नाही. वर्षभर शेतात किंवा कारखान्यात राबून आठ दिवस देवापुढे उभ्या राहणाऱ्या माणसाचा आवाज त्याच्या साठीनंतरही गावाला ऐकायला मिळावा, एवढी तरतूद आपण नक्की करू शकतो.